चार मोळ

"मोजू या, अल्वा?" असं, म्हणजे 'मोजू या ना?' असं, कानडी मिसळून म्हणत समोरच्या घरातले मामा डावा हात पुढे करत आणि समोर जे असेल ते मोजून टाकत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. मैसूरच्या बाजारात फुलांच्या माळा अजून अशाच मोजून देतात. मामा मात्र भिंतीवरची ओल, दारातली रांगोळी, नव्या भाडेकरूचा पलंग, सगळंच मोजत. एकदा माझी वेणी मोजली. "दीड मोळ. अभ्यासानं केस गेले बघ, नोडु," म्हणाले. केस गेलेच होते, त्यामुळे मला रागावताही येईना.

त्यांचे आजोबा कापड रंगवायचे, त्यावर ठसे मारायचे. मामांकडे आलं ते देवराज मोहल्ल्यातलं ब्लाउजपिसांचं दुकान, त्यामागची एक खोली आणि ही हाताची सवय.

मी तेव्हा एमबीबीएस संपवून न्यूक्लिअर मेडिसिनच्या, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी उपचार करायच्या शाखेच्या, पदव्युत्तर जागेसाठी अर्ज भरत होते. 'हा विषय का निवडला?' असा त्यात एक प्रश्न होता. खरं उत्तर, इथे गर्दी कमी असते. ते लिहिता येत नव्हतं, म्हणून ती जागा कोरी ठेवून मी गच्चीवर पुस्तकं घेऊन बसत असे. गल्लीनं मात्र मला जागा कधीच देऊन टाकली होती. मी सगळ्यांची 'किरणांची डॉक्टरम्मा' झाले होते आणि मला ते आवडत होतं, हे कबूल करते.

त्याच सुमारास मामांचं थायरॉइड बिघडलं. वजन उतरलं, हात थरथरू लागले, मोळसुद्धा चुकू लागला. बंगळूरला नेऊन त्यांना किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली आणि त्याच दिवशी घरी पाठवलं. गोळीनंतर काही दिवस अंगातून किरणं निघतात, एवढं त्यांना तिथे कळलं होतं. मामा घरात शिरलेच नाहीत. लेक बाळंतपणाला आलेली, नात महिन्याची. हातात इंग्रजी कागद घेऊन ते आमच्या दाराबाहेर लांब उभे राहिले.

"डॉक्टरम्मा, काय लिवलंय ते सांग. मी खाली ठेवतो, तू मागनं उचल."

मी कागद उचलला. खरं सांगते, मला भीती वाटली. ज्या विषयात डॉक्टर व्हायला निघाले होते त्याच विषयाची भीती. दोन बोटांत धरून वरचं पान वाचलं, मागचं उलटलंच नाही. मोठ्यांपासून एक मीटर, असं त्यावर होतं.

"म्हणजे दोन मोळ," मामा म्हणाले. "पापूसाठी, बाळासाठी, चार धरतो. आणि मांडीवर कधी घ्यायचं?"

"बरेच दिवस नको."

"एक मंडल?"

मंडल म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. आमच्याकडे नवस, पथ्य, औषध, सगळ्याला तोच हिशेब. मी म्हटलं, "हो, मंडल धरा."

संध्याकाळी पुस्तकात पाहिलं. मग कागद आठवून त्याचं मागचं पान उलटलं. दोन्हीकडे एकच होतं, तान्ह्या बाळाला पंधरा दिवस. मी चपला घातल्या, गल्ली ओलांडली. दारातूनच मामी कुणाला तरी सांगताना ऐकू आल्या, "आमच्या डॉक्टरम्मानं मंडल सांगितलंय." मी परत फिरले. जास्त दिवस पाळले तर बिघडतंय काय, अशी स्वतःची समजूत घातली आणि कागद त्याच पुस्तकात ठेवून दिला.

मामा दुकानामागच्या खोलीत राहायला गेले. रोज संध्याकाळी येऊन कापडावर खुणा करायच्या खडूनं गल्लीत रेघ मारत. उंबऱ्यापासून बरोबर चार मोळ, गुडघ्यावर बसून मोजलेले. लेक बाळाला घेऊन उंबऱ्यात बसे आणि मामा रेघेमागून टाळ्या वाजवत, चुटक्या वाजवत, दोन म्हशींचं भांडण आवाज काढून दाखवत. पोरगी हसू लागली ती त्या म्हशींनाच. सायकलींनी रेघ पुसली की दुसऱ्या दिवशी नवी.

विसाव्या दिवशी ते आमच्या दारात आले. पुन्हा लांबच उभे.

"जावयानं तिकीट पाठवलंय. मस्कतला. चाळिसाव्या दिवशी निघतात. मंडल स्वल्प कमी केलं तर चालतंय का? एकदाच घेतो मांडीवर."

पंधरा दिवस होऊन गेले होते. 'आत्ता घ्या' एवढंच म्हणायचं होतं. पण मग मी आधी काय सांगितलं होतं, ते निघालं असतं.

"धोका कशाला घ्यायचा, मामा?" मी म्हणाले.

"सरी, सरी, बरं. पापूपेक्षा मोठं काय?" म्हणाले आणि गेले.

चाळिसाव्या दिवशी रिक्षा आली. मामा रेघेमागं उभे राहून हात हलवत होते. रिक्षा वळल्यावर ते रेघ ओलांडून उंबऱ्यात येऊन बसले. मी गच्चीवरून पाहिलं आणि पुस्तक उघडलं.

अर्जातली कोरी जागा मी त्याच आठवड्यात भरली. शेजारच्या रुग्णाला मार्गदर्शन केलं, कुटुंबाची भीती घालवली, असं लिहिलं. मुलाखतीत एका प्राध्यापकांनी तेच धरून विचारलं, "बाळाला किती दिवस दूर ठेवायला सांगितलंत?"

"पंधरा, सर."

"छान."

जागा मिळाली. मामांनी गल्लीभर मैसूरपाक वाटला आणि प्रत्येकाला सांगितलं, या डॉक्टरम्मानं माझी नात वाचवली. मी शेजारी उभी राहून मैसूरपाक खाल्ला.

चार वर्षांनी लेक आली तेव्हा मीही सुट्टीवर होते. मामांनी उंबऱ्यात बसून हात पसरले. पोरगी आईच्या साडीत शिरली, जाईना. मामांनी म्हशींचा आवाज काढला, तरी जाईना. आठ दिवस तसंच चाललं. "मीच शिकवलंय तिला लांब राहायला," असं म्हणून ते हसत. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामा गेले. ती त्यांच्या मांडीवर कधी बसलीच नाही.

त्याआधीच्या त्या सुट्टीत, परत निघताना, मी त्यांचा निरोप घ्यायला गेले होते. मामा नातीला म्हणाले, "डॉक्टरम्माच्या पाया पड. हिच्यामुळं तू चांगली आहेस." आजोबांकडे न जाणारी ती पोर आईला सोडून पुढे आली, त्यांना वळसा घालून माझ्यापाशी पोचली आणि तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला.