दहा नंबरचे बाबा

काशिनाथ देवस्थळी रग्बीचा कोच झाला तो एका शंकेपायी. दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात, इथं परदेशात, आमच्या लोअर हट गावच्या क्लबात पालकांची मीटिंग होती. 'अकरा वर्षांखालच्या मुलींना कोच कोण करणार?' म्हटल्यावर सगळे आईबाप आपापले बूट न्याहाळू लागले. शंका विचारल्याशिवाय पुणेकराला मीटिंगचा चहा पचत नाही, म्हणून ह्यानं हात वर केला. शंका राहिली बाजूला, टाळ्या पडल्या!

मी त्याचा शेजारी, चारुदत्त. हाफटाइमला मुलींसाठी संत्री कापून नेणं एवढंच माझं खातं.

काशिनाथ पुलांचा इंजिनिअर. आठवड्याभरात त्यानं रंगीत आकृत्या काढून लॅमिनेटसुद्धा केल्या. त्याची मुलगी अनुष्का दहा नंबरला खेळायची. बॉल आधी दहा नंबरच्या हातात येतो आणि पुढं काय करायचं ते तिनं ठरवायचं असतं. आमच्याकडे मात्र ठरवायचा काशिनाथ, लाइनीबाहेरून, तेही मराठीत. "इथं कुणाच्या बापाला कळतंय!" म्हणत स्वारी स्वतःवरच खूश असायची.

"डावीकडे! अगं, डावीकडे! आता किक!"

बॉल हातात आला की पोरगी आधी बापाकडे बघायची, आणि तेवढ्यात कुणीतरी तिला चिखलात आडवी करायचं. सहा मॅच, सहा हारी. एरवी घरासमोरच्या गवतावर, बाप ऑफिसात असताना, काय सुंदर खेळायची ती! सातव्या शनिवारी सकाळी तिनं आईला सांगून टाकलं, "आय एम डन. आजची लास्ट मॅच." वसुंधरावहिनींनी हे मला गाडीत सांगितलं, तेव्हा खरंच वाईट वाटलं.

त्या दिवशी समोरच्या टीमला सगळं आधीच कळत होतं. काशिनाथ 'उजवीकडे' ओरडला की त्यांच्या तीन मुली उजवीकडे हजर. हाफटाइमला उलगडा झाला. त्यांच्यातली एक चुणचुणीत मुलगी आली, संत्र्याची फोड उचलून "थँक्स, काका" म्हणाली. मागोमाग तिची आई.

"आम्ही ठाण्याचे. तुमच्या कोचचे उच्चार किती स्पष्ट आहेत हो!"

मला हसू आवरेना. काशिनाथचा चेहरा मात्र पडला. तो अनुष्काला म्हणाला, "अनू, आता कुठल्या भाषेत सांगू?"

"कुठल्याच नको, बाबा."

एरवी मराठीला इंग्रजीतून उत्तर देणारी पोरगी मराठीत बोलली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. काशिनाथलाही ते कळलं. दुसऱ्या हाफला त्यानं मैदानाकडे चक्क पाठ केली आणि पार्किंगमधल्या गाड्या बघत उभा राहिला.

बॉल अनुष्काकडे आला. सवयीनं तिनं लाइनीकडे पाहिलं, तर तिथं बापाच्या जॅकेटची नुसती पाठ. क्षणभर थबकली. मग डावीकडे पास दिल्याचं नाटक करून बॉल स्वतःकडेच ठेवला आणि सुटली ती थेट शेवटच्या रेषेपलीकडे! आम्ही सगळे बेंबीच्या देठापासून ओरडलो.

"काय झालं रे? कुणाला लागलं का?" काशिनाथनं गाड्यांकडे बघतच विचारलं.

"वळून बघ ना, शहाण्या!"

"नको. ती बघेल इकडे."

मॅच दोन पॉइंटनी हरलोच. अनुष्का चिखलानं माखलेली, धापा टाकत आली.

"बाबा! डिड यू सी?"

"नाही गं," काशिनाथ ओशाळून म्हणाला.

"गुड." तिनं दातांवरचं ओलं गार्ड काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. "नेक्स्ट सॅटरडेला पण तिकडेच बघ हं."