ईशान्येची टाकी

चहा घ्या आधी, मग सांगतो. हे ऐकताना आमच्या साडूच्या तोंडातला चहा नाकातून आला होता, म्हणून म्हटलं. मला मात्र अजूनही त्यातल्या एका जागी हसू येत नाही. ती जागा आली की तुम्हाला कळेलच.

मी बीडला सिमेंट-लोखंडाच्या दुकानात होतो. गिऱ्हाईक सिमेंट नेताना हमखास विचारायचं, "नकाशा कुनाकडून काढावा?" म्हटलं, आपणच का काढू नये? लावला कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा क्लास. रेघ मारायला आली, भिंत जाड करायला आली, दार बसवायला आलं. झालं! मी गावभर इंजिनियर झालो. क्लास अजून अर्धाही झाला नव्हता बरं का.

आणि पहिलं गिऱ्हाईक कोण? माझी सख्खी कौसाआत्या, युसूफ वडगावची.

आत्याचं थोडं सांगायला हवं. नवरा लवकर गेला. दिरांच्या वाटण्या झाल्या आणि आत्या पत्र्याच्या एका खोलीत आली. तिथे देव ठेवायला कोनाडासुद्धा नव्हता. तिने देव लोखंडी पेटीत ठेवले आणि पेटी खाटेखाली सरकवली. रोज सकाळी पेटी ओढायची, फूल वाहायचं, परत सरकवायची. आता कुठे तिच्या नावावर जागा झाली होती.

"दत्ता, मला मोठं घर नगं बाबा," ती म्हणाली. "देवाला ईशान्येचा कोपरा पायजे. बाकी तुला दिसंल तसं कर."

मी बसलो कॉम्प्युटरपुढे. सरांनी शिकवलं होतं, रस्ता कागदाच्या खालच्या बाजूला घ्यायचा. आत्याच्या जागेला रस्ता उत्तरेला. म्हणजे उत्तर खाली. देवघर बरोबर ईशान्येला काढलं, ते आलं खाली डाव्या कोपऱ्यात. संडास आणि त्याची टाकी वायव्येला, ती आली खाली उजवीकडे. नकाशा अगदी बरोबर होता. तिथेच हात जोडून उठलो असतो तर आज तुम्हाला नुसता चहाच मिळाला असता.

पण माझं लक्ष गेलं देवघराकडे. देव कागदाच्या पायाशी! वर झोपायची खोली आणि खाली देव? आपल्याकडे चालतं का असं? पंचांगाला चुकून पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आपण!

त्या आठवड्यातच सरांनी मिरर नावाची कमांड शिकवली होती. एक रेघ धरायची, की खालचं सगळं वर, वरचं खाली. मारली! देवघर झटक्यात वर डावीकडे गेलं, टाकी वर उजवीकडे. उत्तरेचा बाणसुद्धा वर झाला. किती शोभून दिसलं म्हणून सांगू! आरशात डावं-उजवं बदलतं हे मी रोज दाढी करताना बघतो. पण उत्तर वर गेली की ईशान्य उजवीकडे येते, हे तेव्हा डोक्यात यायला हवं होतं, आलं नाही.

भूमिपूजनाचा मुहूर्त भल्या सकाळचा. सूर्य अजून शेजारच्या लिंबामागे होता. गुरुजींनी नेहमीच्या अंदाजाने ईशान्येला चौक मांडला, नारळ फोडला. तेवढ्यात जेसीबी आला.

"सायेब, टाकी कुठं घ्यायची?" ड्रायव्हरने विचारलं.

सायेब! मी कागद उलगडला, बाणाप्रमाणे उत्तरेला तोंड केलं आणि उजव्या हाताचा कोपरा दाखवला.

"तिथं तर गुरुजी बसलेत की."

"मग गुरुजी चुकीच्या जागी बसलेत," मी म्हणालो.

गुरुजी गडबडले. "अहो, ईशान्य हीच हाय. मी आजपासून करतोय का पूजा?"

"गुरुजी, देवघर ईशान्येला आहे आणि कागदावर ते डाव्या कोपऱ्यात आहे. कॉम्प्युटर कधी चुकतो का?"

सगळे आत्याकडे बघायला लागले. आत्या पदर सावरून उठली. "माझा दत्ता शिकलेला हाय, गुरुजी. त्यो म्हनतो तसं करा." तिने स्वतः हळदी-कुंकू, नारळ उचलून डावीकडे नेले. आणि जेसीबीने पूजेच्या जागेवर खड्डा घेतला. चांगला खोल, टाकीचा!

आत्या पेटी घेऊन नव्या कोपऱ्यात बसली. देवांना त्यांची जागा दाखवायची होती तिला. पूर्वेकडे तोंड करून हात जोडले. ऊन लिंबावरून खाली उतरलं.

"दत्ता," ती हळूच म्हणाली, "सूर्यदेव टाकीवरून उगवलाय की रं."

मी वर बघितलं, कागद बघितला, परत वर बघितलं. आता सूर्याला तर चुकीचा म्हणता येत नव्हतं.

"कावून केलंस असं?"

"आत्या, देव कागदाच्या पायाशी आलते गं. बरं दिसत नव्हतं."

"अरं, माझे देव इतकी वर्सं खाटंखाली हायत. त्यांना लाज न्हाई वाटली, अन् तुला कागदाची वाटली?"

एवढंच बोलली. मग खड्ड्याच्या कडेला पेटी मांडीवर घेऊन बसून राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसलंही नाही तिने. ती हीच जागा. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

खड्डा मुरूम घालून ठोकून भरला. गुरुजींनी पुन्हा पूजा मांडली, माझ्याकडे न बघता. नकाशाही सरांकडून सरळ करून घेतला. घर उभं राहिलं.

वास्तुशांतीला आदल्या दिवशीच मुक्कामाला गेलो. नळ जोडायचे राहिले होते. सकाळी उठलो, ड्रममधून बादली भरली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि डोळे चोळत संडासाकडे निघालो. डोक्यात नकाशा कुठला? माझाच! सरळ उजव्या कोपऱ्यात गेलो आणि दार ढकललं.

आत समई. पाटावर देव. गुरुजी, भावकी, सगळ्या बाया हात जोडून बसलेल्या. गुरुजींचा मंत्र जागच्या जागी थांबला.

कोणी हसलं नाही हो! हसले असते तर बरं झालं असतं.

आत्याने माझ्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली,

"ये दत्ता. बादली तेवढी भाईर ठिव."