भावोजींच्या कानाची सहल
ताईचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा लिफ्टच्या कंपनीत आहे एवढंच आम्हाला कळलं होतं. त्याने लिफ्टशीच संसार मांडलाय हे नंतर कळलं. सिनेमाला गेलो तरी भावोजी आधी लिफ्टच्या दाराशी घुटमळणार, मान तिरकी करणार आणि ‘हिचा ब्रेक उशिरा धरतोय’ असं सांगूनच आत पाऊल टाकणार. कंपनीत त्यांना ‘कानवाले’ म्हणतात. बाकीचे मेकॅनिक मीटर लावतात. हे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या बेअरिंगवर टेकवतात, मूठ कानामागच्या हाडाला लावतात, डोळे मिटतात आणि अर्ध्या मिनिटात निकाल देतात. त्यांनी मान हलवली की लिफ्ट पास. एकतीस वर्षांत हा कान चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि भावोजींना त्याचा किती ताठा होता ते विचारू नका.

अशा माणसाला घेऊन ताई परदेशी फिरायला निघाली. जुनं शहर, दगडी रस्ते, नदीवरचे पूल, आणि मुख्य म्हणजे खाणं. ताई शाळेच्या ऑफिसात आयुष्यभर हजेरीपटांत मान घालून बसली, डबा पंधरा मिनिटांत उरकला. तिला एकदा निवांत टेबलाशी बसून दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं जेवायचं होतं. वर्षभर खपून तिने वही केली होती: सकाळी काय बघायचं, दुपारी कुठे जेवायचं. सहा दिवस लिफ्टचं नाव काढणार नाही, असा शब्द तिने निघण्याआधी भावोजींकडून घेतला. बॅगेत मोज्यांच्या आत स्क्रूड्रायव्हर सापडला, तो तिने कपाटात ठेवून कुलूप लावलं. माझी बहीण शाळेत उगाच नव्हती.

पण हॉटेलात पोचल्या पोचल्या माशी शिंकली. जाळीच्या दाराची, दोन माणसांपुरती जुनी लिफ्ट. दार लागलं आणि भावोजींनी कान टवकारले.

“घरघर ऐकू येतेय तुला?”

“मला माझ्या पोटातली ऐकू येतेय. चला.”

भावोजी कसले हलतायत! ते काउंटरवर गेले आणि हातवारे करत, तोंडाने आवाज काढत तिथल्या बाईला बेअरिंगचं दुखणं समजावू लागले. तिने बिचारीने मेकॅनिक बोलावला. पांढऱ्या मिशांचा तो माणूस वर जाऊन मोटर उघडून आला, सगळं ठीक आहे म्हणून अंगठा दाखवला, भावोजींशी हात मिळवला. तोवर वहीतल्या पहिल्या जेवणाची वेळ टळून गेली होती. ताईने खोलीत बसून बिस्किटं खाल्ली.

“उघडून बघितलं त्याने, ऐकलं कुठे?” भावोजी रात्रभर हेच घोकत होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या लिफ्टमध्ये तीच घरघर. राजांची चित्रं राहिली भिंतीवर, हे तळघराच्या जिन्यात मशीनरूमचं दार शोधत होते, पहारेकऱ्याने हाताला धरून वर आणलं. तिसऱ्या दिवशी तर हद्द झाली. सहाव्या मजल्यावरचं हॉटेल, खिडकीजवळचं टेबल, खाली नदी. ते टेबल मिळावं म्हणून ताईने तीन महिने आधी पत्रव्यवहार केला होता. भावोजी लिफ्टसमोर हात पसरून उभे राहिले.

“हीसुद्धा तशीच. या गावात एकाही लिफ्टची देखभाल होत नाही. तुला मी हिच्यात पाऊल ठेवू देणार नाही.”

ताई दुखरा गुडघा घेऊन सहा मजले चढली. वर गेल्यावर भावोजी तीनदा उठून लिफ्टच्या दाराला कान लावून आले. सूपवर साय धरली. तेव्हा ताई शांतपणे म्हणाली, “एकोणतीस वर्षं तुमच्या लिफ्ट सांभाळल्या मी. सहा दिवस मागितले होते, अहो. सहा.” भावोजी बसले, पण टेबलाखाली पाय हलत होता आणि त्याने ग्लासातलं पाणी थरथरत होतं. ताईला मासा कसा होता तेही आठवत नाही, आणि माझ्या बहिणीला जेवण आठवत नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

चौथ्या दिवशी ती त्यांना मुद्दाम गावाबाहेरच्या पडक्या किल्ल्यावर घेऊन गेली. लिफ्टच नाही म्हटल्यावर काय करतील! पाऊलवाटेने अर्धा तास चढायचं, वर नुसते दगड आणि गवत. वारा पडलेला. ताई फोटो काढत पलीकडच्या बुरुजावर गेली, भावोजी एका कमानीच्या सावलीत टेकले.

आणि तिथे त्यांना घरघर ऐकू आली.

पुढचं ताईलासुद्धा त्यांनी तेव्हा सांगितलं नाही, मला बरंच नंतर सांगितलं. ते उठले, कमानीच्या मागे बघून आले, भिंतीला कान लावला. तिकिटं तपासणाऱ्या म्हाताऱ्याला खुणेने विचारलं, मशीन कुठे आहे? म्हाताऱ्याने हात झटकले. इथे विजेची तारच नव्हती. मग भावोजींनी दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले. घरघर वाढली.

हॉटेलची लिफ्ट ठीक होती. संग्रहालयाची ठीक होती. बिघाड त्यांच्या डोक्यात होता, आणि कधीपासून होता कुणास ठाऊक. घरी मशीनरूमच्या गोंगाटात तो कळला नसेल, इथल्या शांततेत उघडा पडला. आणि ज्या कानात आपलीच घरघर, त्याला बेअरिंगची खरी घरघर कशी कळणार! कमानीखाली बसल्या बसल्या त्यांना आठवलं ते हॉस्पिटल. चार महिन्यांपूर्वी तिथली दोन नंबरची लिफ्ट, स्ट्रेचर नेतात ती, त्यांच्या हाताखालच्या मेकॅनिक बाईने अडवून धरली होती. पस्तिशीची, दोन मुलांची आई, कामाला चोख. “बेअरिंग घासतंय, साहेब,” ती म्हणाली होती. भावोजींनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, ऐकलं, आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, “कान धुऊन येत जा.” रजिस्टरमध्ये पास लिहून सही ठोकली. गेले चार महिने त्या लिफ्टमधून आजारी माणसं वर-खाली जात होती.

त्यानंतर दोन दिवस भावोजी एकदम गुणी झाले. ताई नेईल तिथे गेले, दाखवेल ते बघितलं, प्रत्येक लिफ्टमध्ये मुकाट शिरले. ताई पहिल्यांदा खूश झाली, शेवटी एकदाचं भूत उतरलं म्हणून. पण ते चालता चालता मध्येच थांबत, खिशातून फोन काढत, परत ठेवत. पुलावर तिने बोट करून दाखवलेला घुमट सोडून ते भलतीकडेच बघत होते. तेव्हा हे भूत उतरणं नव्हे, हे तिच्या लक्षात आलं.

शेवटच्या दिवशी दुपारी, चौकातल्या हॉटेलात, वहीतलं शेवटचं जेवण. बशा आल्या. भावोजींनी काट्याला हातही लावला नाही.

“काय झालंय ते सांगा, नाहीतर मी इथून उठते,” ताई म्हणाली.

त्यांनी सांगितलं. किल्ला, घरघर, हॉस्पिटल, सगळं. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग फोन करा.”

“फोन केला की मी संपलो गं. एक वर्ष राहिलंय निवृत्तीला.”

“आणि ती लिफ्ट पडली तर?”

“लिफ्ट अशी पडत नसते,” भावोजी सवयीने म्हणाले, आणि मग हळूच, “अडकेल. मध्येच अडकेल. स्ट्रेचर असलं आत तर...”

“करा,” ताई म्हणाली.

त्यांनी तिथल्या तिथे त्या मेकॅनिक बाईला फोन लावला. घरी तेव्हा संध्याकाळ होती, ती भाजी घेत होती. भावोजी एका दमात बोलले: हॉस्पिटलची दोन नंबर आत्ताच्या आत्ता बंद कर, तुझं बरोबर होतं, माझा कान गेलाय.

पलीकडची भाजीवाल्याची ओरड लांब गेली.

“साहेब, ती मी त्याच संध्याकाळी बंद केली होती. बेअरिंग झिजलं होतं. दुसऱ्या दिवशी बदललं.”

“रजिस्टरमध्ये पास लिहिलंय मी.”

“तुमची सही तशीच राहू दिली.”

“आणि बाकीच्या लिफ्ट?”

“तुम्ही तपासून गेलात की मी परत जाऊन येते. वर्ष झालं आता.”

“वर्ष? मग बोलली का नाहीस, बाई?”

“तुम्हाला कसं सांगणार, साहेब?” ती म्हणाली. “मला सगळं तुम्हीच शिकवलंत.”

भावोजी भर हॉटेलात रडले. कुणाचं काही बिघडलं नाही याचा आनंद होता, आणि वर्षभर आपण दुसऱ्याच्या जिवावर कानवाले म्हणून मिरवलो याची लाज होती. वेटर पाणी घेऊन धावत आला. ताईने आपली खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी घेतली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली. जेवण तसंच गार झालं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

परत आल्यावर सोमवारी भावोजी वेळेआधी ऑफिसात गेले. त्यांनी वर्षभराची रजिस्टरं काढली, आणि आपल्या प्रत्येक सहीवर रेघ मारून खाली स्वतःच्या हाताने त्या बाईचं नाव लिहिलं. संध्याकाळपर्यंत लिहीत होते.