पाणी देऊ नये

आमच्या घरातून आजोबांपासून पत्रकं निघत आली आहेत. बहुतेक पाण्याची. सार्वजनिक विहीर, वस्तीचा नळ, टँकरची रांग. इतर मुलं पाटीवर ग म भ न गिरवत होती तेव्हा मी 'पाणी सर्वांचे' गिरवत होते. त्याच घरात बसून गेल्या उन्हाळ्यात मी एक पत्रक लिहिलं. मथळा होता, 'येथे कोणीही पाणी देऊ नये'.

बाबांनी ते दोनदा वाचलं. "आपल्या घरातून हे वाक्य बाहेर जाणार नाही."

"बाबा, ते झाडांबद्दल आहे."

"झाडं खाली बारीक अक्षरात आहेत. लोक मथळा वाचतात."

झालं होतं असं. धुळ्यात, देवपूरच्या आमच्या कॉलनीत ओपन स्पेसला लॉन होतं. माणसांना नळ आठवड्याने आणि गवताला टँकर, हे मला सहन होईना. कॉलनीच्या सभेत मी भाषण ठोकलं: तरवड लावू. आपल्या माळावरचं झुडूप, पिवळी फुलं, गुरं तोंड लावत नाहीत, पावसावर जगतं. शेंडे खुडत राहिलं की उंच न जाता आडवं पसरतं आणि जमीन झाकून टाकतं. अध्यक्ष म्हणाले, "लावा ताई. पण पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला फुलं दिसली नाहीत तर पेव्हर ब्लॉक."

पावसाळ्यात बी टोचलं. हिवाळ्यापर्यंत झुडपं गुडघ्याला आली. मग उन्हाळा आला आणि शेजारचे नाना बादली घेऊन आले. नानांचा जन्म चोपड्याकडे केळी पिकवण्यात गेला होता, आता मुलाकडे राहत होते, बोलत मात्र अजून अहिराणीच.

"नाना, काय करताय?"

"पानी दी राहिनू. बठ्ठा सुकी ग्यात. माले देखवस नई."

"उन्हाळ्यात सगळी अशीच सुकल्यासारखी दिसतात. त्याला पाणी लागत नाही. त्याने मागितलं का?"

"केळी बी बोलस नई."

म्हणून ते पत्रक. बाबांनी शेवटी मथळा बदलला: 'पाण्याचा हक्क अबाधित ठेवून तरवडास ते न देण्याबाबत नम्र विनंती'. मी ते फाटकावर चिकटवलं. नानांनी मोठ्यांदा वाचलं, भाषा चांगली आहे म्हणाले आणि बादली भरायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झुडपांसमोर धरणं धरलं. अर्ध्या तासात चार बायका रिकामे हंडे घेऊन शेजारी बसल्या. "तुमचाही नळ नाही आला का?" एकीने विचारलं. मी कारण समजावलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, हंडे उचलले आणि निघून गेल्या. जाताना एक म्हणाली, "ऊन डोक्यात गेलंय बिचारीच्या." नानांनी मला तांब्याभर पाणी आणून दिलं. उरलेलं तरवडाला घातलं.

पाऊस आला तरी बादली थांबली नाही. नानांच्या बाजूला भरावाची काळी माती होती. तिथे पाणी साचलं आणि झुडपं मुळापासून कुजली. पलीकडच्या मुरुमात, जिथे नानांचे गुडघे त्यांना नेत नव्हते, तिथे तरवड पिवळाधमक फुलला.

दसऱ्याच्या सकाळी अध्यक्ष आले. "अर्धंच फुललंय, ताई. ठरलं होतं ना आपलं?"

माझ्या पर्समध्ये नवं पत्रक तयार होतं. नानांचं नाव न घेता त्यात मी 'दयेच्या नावाखाली चालणारी हिंसा' असं लिहिलं होतं. ते काढणार तोच नाना पुढे झाले.

"ह्या मी मारी टाकात, भाऊ. झाडेसना दोष नई."

एवढं बोलून ते कुजलेल्या झुडपांकडे बघत उभे राहिले. आयुष्यभर ज्याच्या बागेत पाण्यावाचून एक खोड गेलं नव्हतं, असा माणूस. मी पर्सची चेन लावून टाकली. शेवटी अध्यक्षांनीच तोड काढली: मेलेल्या भागावर ब्लॉक, जिवंत भाग राहू द्या.

आता त्या ब्लॉकवर एक बाक आहे. नाना रोज सकाळी तिथे बसतात, फुलांकडे पाठ करून. मी विचारलं तर म्हणाले, "तिकडे तोंड करं ते हात थांबस नई."