ऊनवाल्या काकांच्या मोळ्या

"ऊन फुकट आहे हो! घ्यायला काय जातं तुमचं?" कुणाच्याही घरात शिरताना आमचे शेजारी चपला काढता काढता हे म्हणायचे आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरून बोट फिरवून काजळी बघायचे. ते येताना दिसले की दहिवलीतल्या बायका दार लोटून घ्यायच्या. पोरं त्यांना ऊनवाले काका म्हणायची. तुमच्याही आळीत असा एखादा असेलच.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. सरकारी सवलतीत मिळणारी सौर चूल, म्हणजे काचेचं झाकण असलेली काळी पेटी, काकांनी अंगणात मांडली होती. बायको वारलेली, मुलगा मुंबईला. सकाळी डाळ-तांदूळ आत ठेवायचे आणि ऊन सरकेल तशी पेटी फिरवत बसायचे. ती डाळ मी खाल्ली आहे. चव बेताचीच, पण कौतुक केल्याशिवाय सुटका नव्हती.

मी रसायनीच्या एका कारखान्यात बॉयलरवर होतो, म्हणजे माझं पोट कोळशावर. आमचं रोज वाजायचं.

"काका, आमचा बॉयलर चालेल का तुमच्या पेटीवर?"

"आज नाही चालणार. म्हणून काय जन्मभर धूर ओकत बसायचं?"

एकदा ते पेपर नाचवत आले. परदेशात देशोदेशीचे लोक जमले होते आणि तेल-कोळसा सोडून सूर्याकडे वळा, असं श्रीमंत देश बाकीच्यांना सांगत होते. मी म्हणालो, "वा! यांनी कोळसा जाळून बंगले बांधले, आणि आता आम्हाला ऊन खायला सांगतायत!" एरवी तावातावाने भांडणारा हा माणूस पेपराची घडी घालून निघून गेला.

त्याचं कारण पुढे त्यांनीच सांगितलं. उमेदीच्या काळात काका कर्जतच्या डोंगरात कोळशाच्या भट्ट्यांचे ठेकेदार होते. लाकडं रचून, वर माती लिंपून ती आत धुमसत ठेवायची आणि तयार कोळसा मुंबईला धाडायचा. एकदा गाडी भरायची घाई होती, म्हणून त्यांनी एका कातकऱ्याला माती उकरायला पेटत्या भट्टीवर चढवलं. माती खचली आणि तो आत गेला.

"मी चढ म्हणालो रे," काका म्हणाले. "तो नको म्हणत होता."

त्या माणसाची बायको डोंगरातून लाकडाची मोळी घेऊन बाजाराला यायची. तिने आपल्याकडून ही चूल घ्यावी, एवढीच काकांची इच्छा उरली होती. त्यांनी नवी पेटी आणली आणि माझ्यादेखत तिच्यापुढे ठेवली. "धूर नाही, लाकूड नाही. सगळ्या गावाने घ्यावी अशी आहे बघ."

तिने पेटीला हातही लावला नाही.

"सगळ्यांनी घेतली तर माजी मोळी कोन घेनार, शेट? तवा आमच्याकडनं कोळसा करून घेतलात. आता लाकूड पन नको म्हनता. मग आमी खायचं काय? ऊन?"

संध्याकाळी काका माझ्या ओट्यावर येऊन बसले. "त्या दिवशी तू परदेशातल्यांना शिव्या घातल्यास ना? त्यांच्यात मलाही धर."

त्यानंतर लोकांच्या चुली बघणं त्यांनी सोडलं. दर बाजाराला तिची मोळी मात्र तेच विकत घ्यायचे. स्वयंपाक उन्हावर, त्यामुळे मोळ्या परसात साठत गेल्या. पावसाळ्यात पोहे भिजवून खायचे, पण काटकीही पेटवायचे नाहीत. मी चिडायचो. "अहो, घेतलीत तर जाळा तरी!"

"हात होत नाही रे," एवढंच म्हणायचे. मला त्यांचं हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

एका हिवाळ्यात ते झोपेतच गेले. मुंबईहून आलेला मुलगा लाकडाची वखार कुठे आहे म्हणून विचारू लागला. परसातला ढीग पाहिला आणि त्याचा प्रश्न मिटला. आम्ही त्याच मोळ्या टेंपोत घालून नदीवर नेल्या.

बाजारात कळल्यावर ती मोळीवालीही आली. चिता रचून होईपर्यंत लांब उभी राहून एकेक लाकूड बघत होती. ती आता काय बोलेल, याची मला धास्ती वाटत होती. मुलाने अग्नी दिला तशी ती माझ्याजवळ आली.

"माजीच हायत," ती हळूच म्हणाली. "चांगली सुकलीत. धूर नाय व्हायचा."