माझ्या जागी त्याची सून

“अंगठा लाव इथं, म्हातारे.”

पुण्यात, व्हिसाच्या कचेरीत, माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये अध्यक्षानं एक कागद आणि शाईचं पॅड माझ्या मांडीवर ठेवलं. पॅड त्यानं घरूनच आणलं होतं. त्याच्या सुनेनं ओठ दाबून हसू आवरलं. शेजारचा टायवाला माणूस जरा सरकून बसला.

हा आमच्या फूल उत्पादक संघाचा अध्यक्ष. गावातलं मोठं घर. त्याच्या आईला गाव आईसाहेब म्हणतं. मी तिच्याच वयाची. मला तो अगंतुगं करतो.

परंदवडीच्या अंगाला माझं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. हॉलंडचा एक खरेदीदार येऊन माझी फुलं बघून गेला. तिथल्या फुलांच्या मेळाव्याला त्यानं दोघांनाच बोलावलं, अध्यक्षाला आणि मला. बोलावणं आलं तेव्हा मेळावा तोंडावर आला होता. धंद्याच्या व्हिसाचा अर्ज घाईघाईनं भरला. सून म्हणे मला सोबत म्हणून आली होती. तिचाही अर्ज पिशवीत तयार होता, हे मला तिथं कळलं.

यंत्राच्या काचेवर मी बोटं ठेवली. ठसे उमटेनात. उमटतील कसे? तरुणपणी लोणावळ्याच्या घाटात रस्त्याची खडी वाहिली. आता रोज काटे आणि फवारणीचं औषध. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजी, गरम पाण्यानं हात धुऊन या. परत बघू.” तेवढ्यात अध्यक्षानं मला बाजूला घेऊन शेजारी बसवलं आणि तो कागद पुढं केला.

“बोटंच झिजली तुजी. आता कसली जातीस? तितं काय शेण सारवायचंय व्हय?”

कागदावर लिहिलं होतं, मी स्वखुशीनं माघार घेते, माझ्या जागी अध्यक्षांची सून जाईल. मी चौथी शिकले आहे. संघाच्या बैठकीला सही करते, ती त्याच्या डोळ्यांदेखत. पण बौद्ध वस्तीतली म्हातारी दिसली की या घराला शाईच आठवते. त्याच्या बापानं माझ्या सासूचा अंगठा असाच घेतला होता. आमची विहीर त्यांची झाली. पुढं सासू मरेपर्यंत त्याच विहिरीवर, त्यांच्या गड्यानं वरून ओतलेलं पाणी ओंजळीत धरत उभी राहिली.

यंत्राला माझं बोट चालत नाही आणि याला माझा अंगठाच पाहिजे.

मी कागद वाचायला लागले. मोठ्यानं. सावकाश, अक्षराखाली बोट धरून. आख्खा हॉल ऐकत होता.

“हळू वाच की,” तो पुटपुटला.

“का? खुशी माजी हाये ना? मग ऐकू दे लोकांना.”

सून म्हणाली, “मावशी, तिकडे इंग्लिश लागतं हो.”

“तुला येतं ना? मग इंग्लिशमधी सोताचं बोलावणं मागून घे. माजं कशाला घेतीस?”

टायवाला हसला. मी पॅडचं झाकण लावलं आणि अध्यक्षाच्या पांढऱ्या पँटवर ठेवलं.

“तुज्या बापाची सवय तुज्यापाशी ठेव.”

जन्मात पहिल्यांदा त्याला ‘तू’ म्हटलं. जीभ झडली नाही.

हात धुऊन आले. ठसे पुसट आले, पण आले. मुलीनं अर्ज घेतला.

ठसे पुसट म्हणून माझा अर्ज रेंगाळला. व्हिसा माझ्या हातात पडला तेव्हा मेळावा उठला होता. त्याचा आधीच आला होता. तो एकटा गेला. संघानं तिथं मांडलेल्या माझ्या फुलांशेजारी दात काढून फोटो काढून घेतला आणि तो गावभर दाखवत फिरला. लोक मला म्हणाले, “ऱ्हायलीस ना हितंच? काय मिळालं?” त्यांना वाटतं, मी विमानासाठी भांडले.

आता माझी फुलं संघाच्या गाडीत जात नाहीत. आम्ही वस्तीतल्या बायकांनी आमचा टेम्पो लावला आहे. पुढच्या मेळाव्याचा अर्ज मी वेळेत आणि एकटी जाऊन भरणार. आणि विहिरीसाठी तहसीलला अर्ज दिला आहे. त्यावर माझी सही आहे. विहीर मिळेपर्यंत मी तहसीलच्या पायरीवरून उठणार नाही.

हे माझ्याबरोबर झालं. मी मावळातल्या बौद्ध वस्तीतली म्हातारी. चौथी शिकलेली.