दादानं स्वतःच्याच जागेवर घेतलेली हरकत

भाऊबीजेला भाऊ बहिणीला साडी घेतो. माझ्या भावानं मला एक निवडणूक हरून दाखवली, आणि खरं सांगते, त्याचे उपकार मी अजून मानते.

दादा आमच्या गावात दोनदा ग्रामपंचायतीचा सदस्य झाला. गाव अक्कलकोटच्या बाजूला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. ओढ्यापलीकडं कन्नड बोलणाऱ्या लोकांची वस्ती आहे. प्रभागाची रेष नेमकी या वस्तीच्या मधून जायची. अर्धी घरं दादाच्या प्रभागात, अर्धी शेजारच्या. दोन्हीकडं त्यांची मतं तुटपुंजी, त्यामुळं त्यांचा माणूस कधी निवडून यायचा नाही. ओढ्यावर पूलही झाला नाही. पावसाळ्यात अडलेल्या बाईला खाटेवर घालून पाण्यातून आणायचे.

गेल्या निवडणुकीआधी प्रभागांचा कच्चा नकाशा लागला. रेष जुनीच होती. दादानं खरं तर पेढे वाटायचे, पण हा बाबा तहसीलला जाऊन लेखी हरकत देऊन आला. अख्खी वस्ती एकाच प्रभागात घ्या, आणि तीही माझ्याच! मी सोलापूर शहरातल्या माझ्या घरून फोन करून त्याला चांगलं झाडलं. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. वहिनीनं तर बोलणंच टाकलं.

त्याच सुमारास आमदार गावात एका लग्नाला आले. दादानं त्यांना मांडवातच गाठलं. एका गावची रेष सुधारून भागणार नाही, विधानसभेत कायदाच करा, असं त्याचं म्हणणं. ज्यांना निवडणूक लढवायची त्यांचा हद्दी आखण्यात हात नको. आणि रेष जिथं वाकेल तिथं ती का वाकली, हे गावाला उघड सांगायची सक्ती हवी. आमदार हसले. फायदा तुझाच होतोय, मग तक्रार कसली, म्हणाले.

"साहेब, आमच्या वडलांनी आन् चुलत्यांनी मेंढरं वाटून घेतली," दादा म्हणाला. "दोन वाटे वडलांनी केले, पण आदी उचलायचा मान चुलत्यांचा. म्हणून वाटणी सरळ झाली. हितं वाटे करणाराच आदी उचलतोय की."

अधिवेशनात विषय काढतो म्हणून आमदार जेवायला बसले. तो कायदा अजून काही झालेला नाही. दादाची हरकत मात्र मान्य झाली. वस्ती एका प्रभागात आली, तिथली शेळ्या राखणारी एक बाई उभी राहिली आणि दादाला पाडून निवडून आली. तिनं पहिल्याच बैठकीत पुलाचा विषय मांडला.

पण ते नंतर. निकालाच्या संध्याकाळी मी गावातच होते. ओढ्यापलीकडून हलगीचा आवाज येत होता. वहिनीनं भाकरी जवळजवळ ताटात आपटलीच. दादा जेवत होता. वाईट वाटत नाही का रे, असं मी विचारलं.

"वाटतंय की. लई वाटतंय," तो म्हणाला. "पण आज मला लोकांनी पाडलं, एवडं तरी नक्की हाय. आदी दोनदा निवडून आलो, ते लोकांनी आणलं का रेषेनं, ते मला कदीच कळलं न्हाय."